पॅरिस विद्यापीठाची इ. स. १२३१ ची सनद

सनदा व अभयपत्रें वाचण्याचा ज्यांस सराव आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, सनदेंतील प्रत्येक कलमाच्या पाठीमागें बहुधा एखादी फिर्याद उभी असते. 'अमुक उपद्रव होऊं नये' असें लिहिलेलें आढळलें म्हणजे तो उपद्रव होऊन गेला आहे असें समजावें. याच रीतीनें वाचण्याजोगा एक लेख म्हणजे पोप नववा ग्रेगरी यानें ता. १३ एप्रिल १२३१ रोजीं पॅरिसच्या अध्यापकांस व विद्यार्थ्यांस दिलेली सनद होय. आरंभींच्या दोन लॅटिन शब्दांवरून ती 'पारेन्स सिएन्तिआरुम', म्हणजे 'विद्यांची जननी', या नांवानें ओळखली जाते. डेनिफ्ल व शातलँ या विद्वानांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पॅरिस विद्यापीठाच्या लेखसंग्रहाच्या पहिल्या खंडांत ती छापलेली आहे. विद्यापीठानें निषेध कसा करावा, नगराची शांतता कोणीं राखावी, आणि काय शिकवावें हें कोणीं ठरवावें, हे तीन प्रश्न आजहि वारंवार एकमेकांत गुंततात. ते तिन्ही या एका लेखांत एकत्र सांपडतात, म्हणून त्याचा विचार येथें केला आहे.

पूर्ववृत्त थोडक्यांत असें. इ. स. १२०० मध्यें एका मद्यगृहांतील भांडणावरून पॅरिसच्या कोतवालानें नागरिकांसह विद्यार्थ्यांवर चाल केली व कांहीं विद्यार्थी मारले गेले. तेव्हां राजा दुसरा फिलिप यानें विद्यार्थ्यांस पहिलें अभयपत्र दिलें. १२१५ च्या नियमांनीं, खून, जबर इजा व घरभाडें या बाबतींत आपसांत करार करण्याची मोकळीक अध्यापकांस मिळाली. परंतु हा समुदाय स्वतंत्र संस्था आहे हें सर्वांस मान्य नव्हतें. १२२५ सालीं अध्यापकांनीं स्वतःची मुद्रा करविली असतां पोपचा वकील कार्डिनल रोमानुस यानें ती फोडून टाकली. त्यावर विद्यार्थ्यांनीं शस्त्रें घेऊन त्याच्या वाड्यावर हल्ला केला. मुद्रा म्हणजे केवळ धातूचा ठसा नव्हे. तिजवांचून समुदायास आपल्या नांवें कागद करतां येत नाहीं. मुद्रेचा हक्क पुढें १२४६ सालीं मिळाला.

१२२९ च्या कार्निव्हल सणांत सें मार्सेल या उपनगरांत कांहीं विद्यार्थ्यांचा दारूच्या हिशेबावरून मद्यगृहाच्या मालकाशीं तंटा झाला व शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यांस चोप दिला. दुसऱ्या दिवशीं ते साथीदार व हत्यारें घेऊन आले, मद्यगृह फोडलें, आणि वाटेंत भेटलेल्या निरपराध स्त्रीपुरुषांसहि मारलें. तक्रार कार्डिनल रोमानुस व बिशप यांचे मार्फत राजमाता ब्लांश हिजकडे गेली. तिनें शासनाचा हुकूम दिला; कोतवालाचे शिपाई तटाबाहेर खेळत असलेल्या विद्यार्थ्यांवर तुटून पडले व कित्येक ठार झाले. मेले ते पहिल्या दंग्यांतले नव्हतेच, असें इंग्लंडांतील सेंट ऑल्बन्स मठाचे बखरकार सांगतात. ही हकीकत परदेशीं लिहिलेली असून तिचा कल विद्यार्थ्यांकडे आहे, हें ध्यानांत ठेवावें. तथापि अपराध एकाचा व शासन दुसऱ्यास, ही तक्रार खरी असावी. कारण निरपराध्यास अपराध्याऐवजीं धरूं नये असें कलम पुढें सनदेंत आलें आहे.

अध्यापकांनीं २७ मार्च रोजीं ठराव केला कीं, ईस्टरपासून एका महिन्यांत न्याय न मिळाल्यास विद्यापीठ सहा वर्षें बंद राहील. न्याय मिळाला नाहीं. अध्यापक व विद्यार्थी ऑक्सफर्ड, ऑर्लेआं, आंजे, तुलूझ वगैरे ठिकाणीं पांगले. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री यानें जुलईंत त्यांस आमंत्रण दिलें. तुलूझच्या नव्या विद्यापीठानें तर पत्र काढून कळविलें कीं, पॅरिसांत मनाई असलेले अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ येथें ऐकावयास मिळतील. पांगापांगीचा तोटा अध्यापकांसहि झाला. ते गेले असतां डॉमिनिकन भिक्षूंनीं पॅरिसांत धर्मशास्त्राचें एक पीठ मिळविलें, व त्यांतून पुढें मोठा कलह उपजला.

आतां सनदेचीं कलमें पाहूं. एखाद्याचा खून झाला, अवयव तोडला गेला, किंवा भाडें ठरविण्याचा हक्क हिरावला गेला, आणि ताकीद देऊन पंधरा दिवसांत भरपाई झाली नाहीं, तर पाठ बंद ठेवण्यास मुभा आहे. कोणास अन्यायानें कैद केलें व सांगूनहि तें थांबलें नाहीं, तर तत्काळ पाठ बंद करावे. आपल्याकडील अनध्याय तिथि व निमित्त पाहून होत असे. हा अनध्याय अन्यायाच्या निमित्तानें, पण मुदत घालून दिलेला आहे. दुसऱ्या बाजूस, विद्यार्थ्यांनीं शहरांत शस्त्र घेऊन फिरूं नये, शांतताभंग करणारांस विद्यापीठानें पाठीशीं घालूं नये, व ज्यास गुरु नाहीं त्यानें विद्यार्थी म्हणवून सवलत मागूं नये. कर्जासाठीं विद्यार्थ्यास अटक करूं नये. संशयितास सन्मानानें ठेवून जामिनावर सोडावें. शिकविण्याचा परवाना देणाऱ्या चॅन्सेलरानें स्वतःचा तुरुंग ठेवूं नये. प्रत्येक कलमांत १२२९ चा तंटा दिसतो, आणि दोष दोन्ही पक्षांकडे वांटून दिलेला दिसतो.

परंतु हीच सनद अध्यापनाच्या स्वातंत्र्याबाबत हात आंखडते. १२१० च्या धर्मसभेनें मना केलेले निसर्गविषयक ग्रंथ तपासून निर्दोष होईपर्यंत वापरूं नयेत, असें तींत स्पष्ट आहे. दहा दिवसांनीं, ता. २३ एप्रिलला, या तपासणीसाठीं तिघांची नेमणूक झाली. त्यांतील ओसेरचा विल्यम त्याच वर्षीं वारला, व शुद्ध केलेली प्रत कधींच निघाली नाहीं. म्हणजे विद्यार्थ्याच्या देहास अभय मिळालें, विद्येस मिळालें नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें.

येथेंच एका साध्या दिसणाऱ्या कलमाचें महत्त्व कळतें. पाठ केव्हां घ्यावे, कोणीं घ्यावे, काय वाचावें, वादसभा कशा चालवाव्या, याचे नियम अध्यापकांनीं स्वतः करावे, असें सनदेंत आहे. ता. १९ मार्च १२५५ रोजीं कलाशाखेच्या अध्यापकांनीं याच रीतीचा नियम करून अ‍ॅरिस्टॉटलचे त्या काळीं उपलब्ध असलेले ग्रंथ, निसर्गविषयक धरून, पाठ्यक्रमांत नेमून दिले. (मूळ लेखांत सन १२५४ येतो, पॅरिसांत वर्षारंभ ईस्टरला होत असल्यामुळें मार्चच्या मित्या एक सन मागें दिसतात. शक-सनांचा मेळ घालणारांस यांत नवल वाटणार नाहीं.) जी मोकळीक पोपनें दिली नव्हती ती, नियम करण्याच्या हक्काचा उपयोग करून, चोवीस वर्षांनीं अध्यापकांनीं घेतली.

पाठ बंद करण्याचा हक्क ठळक, म्हणून इतिहासकार त्याकडे प्रथम वळतात. त्यानें विद्यार्थ्यांचे जीव राखण्यास मदत झाली असेल; पण त्याची किंमत पीठें, विद्यार्थी व वर्षें यांच्या रूपानें द्यावी लागली. शस्त्रबंदीचें कलम नसतें तर तो हक्क नगरानें फार दिवस सोसलाहि नसता. ग्रंथांची वाट मात्र पाठ चालू असतांना, अध्यापकांच्या सभेंत, मोकळी झाली. सनदेंत काय दिलें आहे एवढेंच पाहून थांबूं नये. दिलेल्याचा पुढें कोणीं काय उपयोग केला, हेंहि पुढील कागदांवरून पडताळावें, असें या लेखावरून आम्हांस वाटतें.