जगऱ्याची आच आणि दोन धातूंची तार

रोडग्याचे जेवण म्हणजे काय, हे वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून कारंज्यापर्यंत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शेतात किंवा मारुतीच्या पारापाशी गोवऱ्यांचा जगरा घालायचा, जाडसर दळलेल्या कणकेचे थर देऊन वळलेले गोळे त्यात भाजायचे, आणि तूप घालून वांग्याच्या भाजीशी खायचे. हा पदार्थ किती जुना, याचा एक पक्का पुरावा साहित्यात आहे. 16व्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडात भवानीला नवस बोलला जातो तो रोडग्याचाच. म्हणजे तेव्हाच्या श्रोत्यांना तो घरचा होता. आज कोळशाच्या शेगडीवर भाजणारे हौशी लोक घरीच तापमान-नियंत्रक जुळवतात आणि त्याला थर्मोकपल, म्हणजे तापमान सांगणारी दोन धातूंची तार, जोडतात. तशी तार जगऱ्यातही घालावी काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. जगऱ्यात आच आवरता येत नाही म्हणून ही तार हवी असे नव्हे, ती उत्तम आवरता येते. मात्र त्या आचेची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि ती ठेवण्याची वेळ आली आहे.

जगऱ्याचा उगम गरजेत आहे. काळ्या मातीच्या पठारावर शेती वाढली तसे सरपण दुर्मीळ झाले आणि गुरांचे शेण इंधन बनले. हिंदुस्थानभर फिरून पाहणी केलेल्या जॉन व्होल्कर यांनी 1893च्या आपल्या अहवालात हेच मांडले: शेतकरी शेण जाळतो तो खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून. पण गरजेने हाती आलेल्या या इंधनातून लोकांनी एक शास्त्रशुद्ध पद्धत घडवली. गोवऱ्या पेटल्या की आधी धूर जाऊ देतात. ज्वाळा बसल्या की निखारे फोडून सारखे करतात, त्यात रोडगे ठेवतात आणि वरून फुफाटा ओढतात. राखेचा हा थर दोन कामे करतो. आतली उष्णता धरून ठेवतो आणि निखाऱ्याला मिळणारी हवा तोडतो. आच कमी वाटली की राख थोडी सारायची, जास्त वाटली की पुन्हा ओढायची. घरगुती नियंत्रक छोट्या पंख्याने कोळशाला कमी-अधिक हवा देतो, तेव्हा तोही हेच करत असतो. दोघांची किल्ली एकच, हवा.

रोडगा झाला हे कळते कसे? तो तडकतो. पिठात पाणी आहे तोवर आतले तापमान सुमारे 100 अंशांवर अडून राहते. तिथवर पोचलेल्या पाण्याची वाफ वाट शोधते आणि कवच उकलते. म्हणजे तड ही आतल्या तापमानाची खूण आहे. बाहेरचे कवच मात्र खरपूस होण्यासाठी याहून बरेच तापावे लागते, आणि त्याची खूण निखाऱ्याच्या रंगात, राखेवर धरलेल्या तळहाताच्या चटक्यात असते. एका पदार्थाची दोन तापमाने, दोन वेगळ्या खुणांनी एकाच वेळी वाचली जातात. याला नुसता अंदाज म्हणणे अन्यायाचे आहे.

युरोपातही उष्णता मोजण्याची निकड भट्टीवाल्यांनाच आधी जाणवली. इंग्लंडचा कुंभार-उद्योजक जोसाया वेजवुड याने 1782 मध्ये मातीचे तुकडे भट्टीत ठेवून ते किती आक्रसतात यावरून आच ठरवण्याची युक्ती मांडली. त्याचे आकडे पुढे फार फुगलेले ठरले, पण रंगाच्या अंदाजाला मोजपट्टी देण्याचा प्रयत्न खरा होता. 1821 मध्ये शास्त्रज्ञ सीबेकला दिसले की दोन भिन्न धातू जोडून त्यांचा एक सांधा तापवला, की शेजारची होकायंत्राची सुई हलते. 1880च्या दशकात ल शातलिए या शास्त्रज्ञाने प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमची जोडी वापरून त्यातून भरवशाचे मापक बनवले. आज स्वस्तात मिळणारी ‘के’ प्रकारची तार निकेलच्या दोन मिश्रधातूंची असते. ती अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देते, म्हणून 200 अंशांच्या फरकाला जेमतेम 8 मिलिव्होल्ट. इतका क्षीण संकेत वाढवावा लागतो. शिवाय तार फक्त दोन टोकांतला फरक सांगत असल्याने थंड टोकाचे तापमान वेगळे मोजून त्यात मिळवावे लागते. एवढा खटाटोप करण्याचे कारण म्हणजे ती हजार अंशांच्या आसपासही टिकते. थर्मिस्टर हा साधा तापसंवेदक निखाऱ्यात जळून जाईल.

यावर पहिला आक्षेप असा, की आकडा आला की हात विसरतो. भीती खरी आहे, पण हात विसरायला तार यावी लागत नाही. घरात गॅस आला, गुरे कमी झाली, गोवऱ्या थापणे थांबले. जगरा घालणारे हात त्यामुळेच घटत आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तार एकाच बिंदूचे तापमान सांगते, आणि जगऱ्यात वितीवितीवर आच बदलते. हे पूर्ण मान्य. म्हणूनच एक तार फुफाट्यात आणि दुसरी रोडग्याच्या गाभ्यात हवी, आणि त्या कुठे खोवायच्या हे जाणत्यानेच दाखवायला हवे. उपकरण इथे जाणकाराच्या हाताखाली काम करते. तिसरा आक्षेप चवीचा: शेणाच्या मंद आचेतून, धुरातून येणारा स्वाद आकड्यात मावत नाही. मावत नाहीच. पण किती वेळ, किती आच, राखेचा थर किती जाड, एवढे तरी लिहून ठेवता येते, आणि पुण्यातल्या किंवा परदेशातल्या वऱ्हाडी घराला विजेच्या भट्टीत रोडगा करायचा झाला तर निदान तेवढा आधार मिळतो.

वाशिमच्या शाळा-महाविद्यालयांना हा प्रयोग सहज झेपण्यासारखा आहे. दोन तारा, एक छोटे यंत्र, आणि शेजारी बसून प्रत्येक हालचालीचे कारण सांगणारी जाणती व्यक्ती एवढेच त्याला लागते. राख कधी ओढली, का ओढली, आणि त्या क्षणी आकडा काय होता, हे एकाच पानावर यावे. तसे झाले तर शतकानुशतके हातातून हातात आलेले ज्ञान पहिल्यांदा तपासता येईल अशा रूपात लिहिले जाईल. जगरा घालणारी माणसे आज गावागावांत आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.