बैलबेडूक आणि वानर (नांदेड-लातूर)

गोदावरी-मांजरा खोऱ्यातील दोन परिचित प्राणी. बैलबेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) हा उभयचर, तर वानर (सेम्नोपिथेकस प्रजाती, खेड्यात ‘वानेर’) हे काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे सस्तन. लाल तोंडाचे माकड वेगळे. एरवी या दोघांची तुलना ओढूनताणून वाटेल. मराठवाड्याचा उन्हाळा ती सोपी करतो. ओढे आटले की बेडूक मातीत खाली जातो आणि वानर गावात येते.

बैलबेडूक भारतातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक असून त्याची लांबी सुमारे १६ सेंमी. भरते. तो त्वचेवाटेही श्वास घेतो, म्हणून कातडी ओली राहणे हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न. ओलसर थरात तो निपचित पडून राहतो. लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावे लागले त्या २०१६ सारख्या वर्षी हा मुक्काम साहजिकच लांबतो. मृगाचा दमदार पाऊस झाला की एरवीचे मळकट हिरवे नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि रात्रभर डबक्यात गलका चालतो. मादी हजारो अंडी घालते. बैलबेडकाचे भैकेर मांसाहारी असून सख्ख्या भावंडांनाही सोडत नाहीत. डबके आटण्याआधी मोठे व्हायचे, तर एवढी घाई हवीच. तंगड्यांच्या निर्यातीसाठी देशभर बेडकांची बेसुमार पकड होई. १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली.

वानराचा हिशेब उलटा. सुमारे २०० दिवसांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिल्लू होते आणि टोळीतल्या इतर माद्याही ते अंगाखांद्यावर घेतात. अनेक कप्प्यांच्या जठरामुळे जून पानेही पचतात. शेपटीबाबत एक मजेशीर भेद आहे : उत्तरेकडील वानरांची शेपटी चालताना पाठीवरून डोक्याकडे वळते, दक्षिणेकडील वानरांची मागे झुकते, तापी-गोदावरी ही त्याची ढोबळ हद्द. म्हणजे ही रेषा नांदेडजवळूनच जाते.

किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात वानराला अजून आसरा आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी. तिथे वानर रानात राहणार तरी कुठे? हरभरा-तुरीच्या शेतात टोळी उतरली की शेतकरी वैतागतो, पण मारुतीचे म्हणून हात उगारायला कचरतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर गाजली.

बेडकाची आठवण गावाला होते ती पाऊस ताणल्यावर. धोंडी काढताना कडुनिंबाचा पाला नेसलेल्या पोराच्या खांद्यावरील काठीला बेडूक बांधतात आणि घरोघर त्यांच्यावर पाणी ओततात.