चार हरिणें, एक मुख

अजिंठ्यास १ ल्या क्रमांकाचें लेणें पाहणाऱ्यास वाटाड्या एका खांबाच्या शिरोभागाकडे बोट दाखवितो. तेथें चार हरिणें कोरलीं आहेत, पण मुख एकच. ज्या देहाकडे पाहावें त्याचेंच तें वाटतें. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ही कारागिरी पाहतांना मला विज्ञानाच्या इतिहासांतील एक चूक नेहमीं आठवते.

१७ व्या लेण्यांत बोधिसत्त्व कोठें वानरराज, तर कोठें षड्दंत हत्ती होऊन येतो. देह पालटला तरी आंतील जीव तोच, ही जातककथांची श्रद्धा. संप्रेरकांविषयीं, म्हणजे ग्रंथींतून रक्तांत उतरून दूरच्या अवयवांस आज्ञा पोंचविणाऱ्या द्रव्यांविषयीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शरीरशास्त्रज्ञांची श्रद्धा कांहींशी अशीच होती. आणि तिला आधारही होता. १९२२ सालीं टोरांटो येथें गुरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्शुलिनानें एका मरणोन्मुख मधुमेही मुलास जीवदान मिळालें.

मग बैलाचें वाढीचें संप्रेरक मनुष्यास कां मानवूं नये? १९४४ सालीं ली व इव्हान्स यांनीं कॅलिफोर्नियांत तें बैलांच्या पीयूषिका ग्रंथींतून वेगळें काढलें. त्यानें उंदीर वाढले. खुजीं राहिलेलीं माणसें मात्र होतीं तेवढींच राहिलीं. पुढील दशकांत हार्वर्ड येथें नोबिल व ग्रीप यांनीं ही ग्रंथि काढून टाकलेल्या ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. बैलाचा अर्क निष्फळ ठरला, माकडाचा फलदायी. १९५८ सालीं बोस्टनच्या रेबन यांनीं, मृत माणसांच्या ग्रंथींतील संप्रेरकानें एका खुज्या मुलाची उंची वाढल्याचें प्रसिद्ध केलें.

याचें कारण पुढें उलगडलें. संप्रेरक ही किल्ली, तर पेशीवरील ग्राही हें तिचें कुलूप. १९८७ सालीं या ग्राहीची घडण वाचतां आली. मनुष्याच्या ग्राहींत ४३ व्या स्थानीं आर्जिनीन हें अमिनो आम्ल आहे. बैल, उंदीर इत्यादिकांत तेथें ल्युसीन असतें. एवढ्याशा फरकानें बैलाची किल्ली आपल्या कुलपांत बसत नाहीं. उलट आपली किल्ली उंदराच्या कुलपांत खुशाल फिरते. कोठें कोठें तर कुलपांची संख्याच निराळी. रक्तदाब वाढविणाऱ्या अँजिओटेन्सिनाच्या पहिल्या प्रकारच्या ग्राहीचे उंदरांत दोन उपप्रकार आहेत, मनुष्यांत एकच. आणि औषधांची पहिली पारख आपण उंदरावरच करतों!

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. बैलाचें संप्रेरक चालेना, म्हणून प्रेतांतील ग्रंथि गोळा कराव्या लागल्या. त्यांपैकीं कांहींतून मेंदूचा एक असाध्य रोग मुलांच्या देहांत शिरल्याचें १९८५ सालीं उघडकीस आलें. जगभरांत दोनशेंहून अधिक जणांस तो जडला. त्याच वर्षीं जीवाणूंकडून तयार करविलेल्या मानवी संप्रेरकास अमेरिकेंत मान्यता मिळाली.

सर्व सस्तन प्राणी एका कुळांतले, हें खरेंच. पण आप्त म्हणजे एकरूप नव्हे. शिल्पकारानें एकच मुख चार देहांस शोभवून दाखविलें, तें चारही देह हरिणांचेच होते म्हणून.