पूलचं टेबल: कुठून आलं, कुठं चाललं

मिरचीचा हंगाम चालू आहे, निम्म्या जणी कांडपाच्या ठसक्यात ऐकत असाल. आज बियाणं नाही, आरोग्य नाही. आज एका खेळाचा इतिहास सांगणार आहे. खेळ पोरांचा आहे, पण आमच्या बचत गटात त्यावरून मोठं भांडण झालं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका अक्काच्या लेकानं काही वर्षांपूर्वी धर्माबादेत दोन टेबलं टाकून पूलचा हॉल काढला. जुनी टेबलं हैदराबादेहून आणली. त्यासाठी अक्कानं गटातून चाळीस हजार उचलले आणि एकही हप्ता न चुकवता फेडले. आता टेबलावरचं हिरवं कापड फाटलंय, ते बदलायला तिनं पुन्हा कर्ज मागितलं. तेव्हा एकजण उठून म्हणाली, "माय, पोरं बिघडवायच्या धंद्याला आपण पैसा द्यायलाव का?" दुसरी म्हणाली, "दारूच्या दुकानापेक्षा बरं की." अक्का काही बोलली नाही, खाली मान घालून बसली.

मला गप्प बसवेना. मी घरी येऊन वाचायला घेतलं. बदनाम म्हणतात त्या खेळाचं मूळ काय, हे तर बघावं! जे सापडलं ते सांगते.

आधी शब्दच घ्या. पूल म्हणजे आपला नदीवरचा पूल नव्हे. खेळणाऱ्यांनी प्रत्येकी थोडे पैसे मध्ये टाकायचे आणि जिंकणाऱ्यानं सगळे उचलायचे, त्या मध्ये जमलेल्या पैशाला इंग्रजीत पूल म्हणत. म्हणजे भिशीच की! फरक एवढाच, की भिशीत प्रत्येकीची पाळी येते, तिथं एकाचीच यायची. बदनामीची सुरुवातही इथंच आहे. अमेरिकेत दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायच्या खोल्या असत, त्यांना पूलरूम म्हणत. निकाल येईपर्यंत लोकांनी बसून राहावं म्हणून मालकांनी तिथं ही टेबलं ठेवली. जुगार घोड्यांवर चालायचा, डाग मात्र टेबलाला लागला.

या खेळाचं थोरलं भावंड बिलियर्ड्स. ते युरोपातल्या राजवाड्यांत वाढलं. स्कॉटलंडची राणी मेरी सोळाव्या शतकात कैदेत होती. तिथं तिचं बिलियर्ड्सचं टेबल काढून घेतलं, म्हणून तिनं तक्रार केल्याची नोंद आहे. पुढं कित्येक क्लबांत बायकांना त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं राहू देत नव्हते, आणि जुन्या कागदांत पाहावं तर एक बाई टेबलासाठी भांडतेय.

हिंदुस्थानात हा खेळ इंग्रज फौजेबरोबर आला. बिलियर्ड्सला तीनच गोळे लागतात. त्यातून पुढं निघालेला स्नूकर तर आपल्याकडचाच. जबलपूरच्या छावणीत 1875 साली पावसाळ्यात कंटाळलेल्या अधिकाऱ्यांपैकी नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुणानं दोन-तीन खेळ एकत्र करून तो बसवला. पंधरा लाल गोळे, सहा वेगवेगळ्या रंगांचे आणि एक पांढरा, असे बावीस. स्नूकर हे सैनिकी शाळेतल्या नवख्या पोराला चिडवायचं नाव होतं. तेच खेळाला पडलं.

आता गोळ्यांचं ऐका, कारण ती गोष्ट आपल्या हातातल्या बांगड्यांपर्यंत येते. जुने गोळे हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले गोळे मोजकेच निघायचे. खेळ वाढला, हत्ती मरू लागले आणि दंत महाग झाला. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका टेबलवाल्या कंपनीनं जाहीर केलं, की हस्तिदंताला पर्याय शोधेल त्याला दहा हजार डॉलर. जॉन हयात नावाचा एक छापखान्यातला कारागीर कामाला लागला आणि 1870 च्या सुमारास त्यानं सेल्युलॉइड तयार केलं. गोळे काही फार चांगले झाले नाहीत म्हणे, पण त्याच पदार्थाच्या फण्या झाल्या, बाहुल्या झाल्या, बांगड्या झाल्या, सिनेमाच्या फिती झाल्या. पुढं आलेल्या सगळ्या प्लॅस्टिकचा तो आजोबा. यात्रेत डझनावारी घेतलेली स्वस्त बांगडी आणि पूलचा गोळा, दोघांचं घराणं एकच निघालं!

आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात बिलियर्ड्सची खास खोली आहे. त्या काळी धर्माबादच्या रयतेचा सारा त्याच सरकारात जमा व्हायचा. त्या टेबलाच्या एखाद्या पायात आपल्या पणजोबाच्या ज्वारीचाही वाटा असेल, असं माझ्या मनात आलं. असो.

साहेबांच्या क्लबात एक माणूस असायचा, त्याला मार्कर म्हणत. टेबल झाडायचं, काठ्या नीट ठेवायच्या, गुण मोजायचे आणि साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचं. रोज आठ-दहा तास टेबलाजवळ राहून कित्येक मार्कर मालकांपेक्षा सरस झाले. पण ते पगारी, म्हणून हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत त्यांना जागा नव्हती. त्यांची नावं कुठल्या ढालीवर कोरलेली दिसत नाहीत. दुसऱ्याच्या घरी उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाव पंगतीत कोण घेतं? तसंच हे.

आता वैभवाचे दिवस. पुण्यात 1922 साली एका अँग्लो-इंडियन घरात विल्सन जोन्स जन्मले. बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळवलं. 1958 साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा झाली आणि ती त्यांनी जिंकली. स्वतंत्र भारताचा कुठल्याही खेळातला हा पहिला एकट्याचा जगज्जेता. क्रिकेटचा पहिला विश्वचषक आपल्याला 1983 साली मिळाला, त्याच्या पंचवीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. 1964 साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. अर्जुन पुरस्कार, 1965 मध्ये पद्मश्री आणि पुढं शिष्य घडवल्याबद्दल 1996 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 2003 साली मुंबईत ते वारले. आमच्या गटात मी हे नाव विचारलं, एकीलाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्यांच्या मागून मुंबईचे मायकल फरेरा आले. 1977, 1981 आणि 1983, असे तीन वेळा जगज्जेते. 1978 साली त्यांनी एकाच डावात 1149 गुण केले. म्हणजे समोरचा माणूस खुर्चीत बसून नुसता बघत राहिला असणार! सरकारनं पद्मश्री देऊ केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. क्रिकेटवाल्याला पद्मभूषण आणि मला पद्मश्री का, असा त्यांचा सवाल होता. पुढं 1983 साली त्यांना पद्मभूषण मिळालंच. मुंबईतल्या जिमखान्यांत, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या क्लबात मोठ्या स्पर्धा भरायच्या. अहमदाबादचे गीत सेठी 1992 साली व्यावसायिक जगज्जेते झाले, ती स्पर्धाही मुंबईतच झाली. 1998 च्या बँकॉक आशियाई खेळांत हे खेळ पहिल्यांदा आले, तेव्हा बिलियर्ड्समध्ये अशोक शांडिल्य यांनी एकेरीत सोनं मिळवलं, आणि सेठींबरोबर दुहेरीतही. पंकज अडवाणी आता बेंगळुरूचे, पण जन्म पुण्याचा. त्यांची जागतिक विजेतेपदं दोन डझनांच्या पुढं गेलीत.

एवढं सगळं असून आपल्याला का कळलं नाही? कारण ही टेबलं होती जिमखान्यात, आणि जिमखान्याला सभासद लागतात. मोठं टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. लाकडी सांगाड्यावर दगडाची जाड पाटी, वर लोकरीचं कापड. एका टेबलाचं वजन टनाच्या वर. ते गावच्या शाळेत कोण ठेवणार? कबड्डीला मैदान आणि पायात दम एवढं पुरतं.

पूलनं ती भिंत थोडी पाडली. टेबल लहान, भोकं मोठी, डाव पटकन संपतो. नव्वदीनंतर शहरांत पूल पार्लर निघाली आणि हळूहळू तालुक्यांपर्यंत आली. तासाला पैसे द्या आणि खेळा. ना सभासदत्व, ना कोट-बूट. मार्करच्या नातवालाही आता काठी धरता येते, हे मला त्यातलं मोठं वाटतं.

पण त्याबरोबर धूरही आला, पैजाही आल्या. हे झाकून चालणार नाही. पैसे लावून खेळणं हा गुन्हाच आहे, त्याचा कायदा 1887 सालापासून आहे. अक्काच्या लेकानं भिंतीवर पाटी लावलीय, सिगारेट नाही, पैज नाही. पाळतात का, म्हणून मी एकदा न सांगता जाऊन बसले. बाहेर दोघं ओढत होती, आत कुणी नव्हतं. पैज समोसा-चहाची लागली होती. ती मी धरली नाही!

मग धंदा बसला कशानं? एक तर 2020 च्या मार्चात टाळं लागलं ते कित्येक महिने निघालं नाही. भाडं मात्र चालूच होतं. दुसरं म्हणजे मोबाईल. हाच खेळ फोनवर फुकट मिळतो. पोरगं खाटेवर पडून अंगठ्यानं गोळे ढकलतं आणि तासाचे पैसे वाचले म्हणतं. तिसरं आपल्या गावचं खास. मिरचीच्या दिवसांत लाल धूळ उडते ती सरळ हिरव्या कापडावर बसते. रोज दोनदा ब्रश मारावा लागतो. पावसाळ्यात कापड दमट होऊन गोळा जड चालतो. कापड टिकत नाही त्याचं कारण हेच.

वर मोठ्या स्पर्धांचं दारही अरुंद झालंय. ऑलिंपिकमध्ये हे खेळ कधीच नव्हते. आशियाई खेळांत 2010 नंतर ते दिसले नाहीत. ज्या खेळात सरकारी पदकाची वाट नाही, त्याला नोकरीची वाटही कमी. मग बाप म्हणतो, पोलीस भरतीची तयारी कर. त्याचं तरी काय चुकलं?

मुलींचं सांगायचं राहिलं. बेंगळुरूच्या आर. उमादेवी सरकारी कचेरीत टंकलेखिका. तिशी उलटल्यावर त्या क्लबात टेबल टेनिस खेळायला गेल्या. तिथं जागा रिकामी नव्हती, म्हणून शेजारी बिलियर्ड्सची काठी हातात घेतली. 2012 साली त्या बायकांच्या बिलियर्ड्समध्ये जगज्जेत्या झाल्या. 2025 साली चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रननं दोह्यात बायकांचं जागतिक स्नूकर विजेतेपद आणलं. या खेळाला ना उंची लागते ना दांडगं शरीर. लागते ती नजर, स्थिर हात आणि दोन चाली पुढचा विचार. भाकरी थापताना तव्याकडे, चुलीकडे आणि दाराकडे एकदम लक्ष ठेवणारीला हे काय अवघड?

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. पहिलं बोललेली बाई म्हणाली, "इतिहास चांगला हाय, पण माझी पोरगी तिथं जाईल का?" प्रश्न बरोबर होता. तेव्हा अक्कानं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, रविवारी सकाळी नऊ ते अकरा हॉल फक्त मुलींना, मी स्वतः दारात बसते, लेकाला आत येऊ देणार नाही.

कर्ज अजून मंजूर झालेलं नाही. पुढची बैठक येत्या गुरुवारी आहे, आणि त्याआधीच्या रविवारी आम्ही सात जणी आपापल्या मुली-सुना घेऊन फाटक्या कापडावरच खेळून बघणार आहोत. मी काठी खराट्यासारखी धरते, असं माझी नात आत्ताच म्हणायलीय.