मिनी ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर : पाती फिरत असताना खाली उतरू नका, बागेत चालवण्याची आणि निगा राखण्याची संपूर्ण माहिती

द्राक्ष, डाळिंब, पेरू, सीताफळ अशा बागांच्या पट्ट्यात मिनी ट्रॅक्टर आता बैलजोडीसारखाच घरचा झाला आहे. दोन ओळींमधलं तण काढायचं, शेणखत मातीत मिसळायचं, छाटणीनंतर बोद मोकळे करायचे, ही सगळी कामं ३ ते ४ फुटी रोटाव्हेटर लावून काही तासांत उरकतात. यंत्र लहान आहे, आवाज ओळखीचा आहे, त्यामुळे त्याची भीती राहत नाही. घात होतो तो नेमका इथंच. मोठ्या ट्रॅक्टरच्या मागे माणूस जपून वावरतो, मिनी ट्रॅक्टरच्या मागे मात्र पोरंसुद्धा धावतात.

रोटाव्हेटरचे बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे असतात. त्यासाठी महागडं काही लागत नाही. यंत्र कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि चार सवयी अंगी लावून घ्यायच्या, एवढंच.

यंत्राची ताकद किती, ते आधी समजून घ्या

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जो फिरता दांडा बाहेर येतो तो पीटीओ. त्याला जोडलेला जॉईंट म्हणजेच शाफ्ट रोटाव्हेटरच्या गिअर बॉक्सला फिरवतो आणि तिथून चेन किंवा गिअरमार्फत पाती फिरतात. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टची जाडी ३ इंच धरली, तर एका सेकंदात सुमारे ७ फूट कापड त्याच्यावर गुंडाळलं जातं. उपरण्याचं टोक, साडीचा पदर, शर्टाची सैल बाही अडकली तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आणि पीटीओवरचं लोखंडी झाकण काढून फेकू नये. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून बरेच जण कव्हर काढतात, ते पुन्हा बसवायचं राहून जातं. कव्हर फुटलं असेल तर नवीन आणावं. हाताच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

सुरू करण्याआधी

- चालकाने अंगासरशी कपडे आणि पायात बूट घालावेत. धोतर, लुंगी, गळ्यातलं उपरणं, लोंबणारा मफलर, पायात चप्पल असं काही नको. कानाला रुमाल बांधायचा असेल तर त्याची टोकं आत खोचावीत.
- ट्रॅक्टरवर बसूनच चावीने सुरू करावा. गिअर न्यूट्रलला आणि पीटीओ बंद असल्याची खात्री करावी. खाली उभं राहून स्टार्टरला पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावून ‘डायरेक्ट’ सुरू करण्याची सवय जिवावर बेतते. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर समोरच्या माणसाच्या अंगावरून जातो.
- काही ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय किंवा पीटीओ बंद केल्याशिवाय इंजिन सुरू न होण्याची सोय असते. वायर जोडून ती सोय बंद पाडू नये.
- बागेत एक चक्कर पायी मारावी. तार, अँगलचे तुकडे, दगड, सुतळी, ड्रिपच्या नळ्या पाहाव्यात. नळ्या तारेवर उचलून बांधाव्यात किंवा बाजूला घ्याव्यात. या अर्ध्या तासात पुढचे दोन तास वाचतात.
- वाफसा आल्यावरच रोटाव्हेटर घालावा. ओल्या रानात माती पात्यांना चिकटते, ढेकळं होतात आणि माती काढायला पुन्हा पुन्हा उतरावं लागतं.

बागेत चालवताना

पाती जमिनीवर टेकवून पीटीओ जोडू नये. रोटाव्हेटर जमिनीपासून थोडा वर घ्यावा, पीटीओ जोडावा, वेग हळूहळू वाढवावा आणि मग ट्रॅक्टर पुढे नेत पाती मातीत सोडावीत. एकदम सोडली तर शाफ्टला झटका बसतो आणि क्रॉस तुटतो.

ओळीच्या टोकाला वळताना रोटाव्हेटर आधी उचलावा, मगच वळावं. पाती मातीत असताना वळलं तर गिअर बॉक्सवर आडवा ताण येतो. मात्र फार उंचही उचलू नये. शाफ्टचा कोन वाढला की खडखड आवाज सुरू होतो. हा आवाज म्हणजे क्रॉस खराब होत असल्याची सूचना. वळण मोठं असेल किंवा थांबायचं असेल तर पीटीओ बंद करावा.

मागे घेताना पीटीओ बंद असलाच पाहिजे. मागे काय आहे, कोण आहे, हे मान वळवून पाहावं. बागेत पानांच्या आडोशाला खत टाकणारी बाई किंवा खेळणारं पोर दिसत नाही.

रोटाव्हेटरचा मागचा पत्रा खाली सोडलेलाच ठेवावा. तो वर बांधला तर दगड, ढेकळं उडून मागच्याला लागतात. काम चालू असताना आसपास माणूस नको.

नळी गुंडाळली तर काय करायचं?

सगळ्यात घातकी प्रसंग हाच. ड्रिपची लॅटरल, सुतळी, छाटणीच्या काड्या किंवा जुनी साडी पात्यांत गुंडाळते. यंत्र दबतं. चालक क्लच दाबतो, पीटीओ चालूच असतो, उतरून हाताने किंवा विळ्याने नळी ओढायला जातो. कधी ट्रॅक्टरवर दुसऱ्याला बसवून “जरा फिरव रे” म्हणतो.

असं कधीच करू नये. क्लच दाबला म्हणजे यंत्र बंद झालं असं होत नाही. पाय सुटला की पाती फिरतात. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही क्षण फिरत राहतात. योग्य क्रम असा :

१. रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा.
२. पीटीओ बंद करा.
३. गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक लावा.
४. इंजिन बंद करून चावी काढा आणि खिशात घाला.
५. पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी पाहा, मगच जवळ जा.
६. नळी पात्यांच्या खालून काढावी लागत असेल तर रोटाव्हेटर उचलून त्याखाली लाकडी ठोकळे लावा, इंजिन पुन्हा बंद करा आणि चावी खिशात ठेवा. हायड्रोलिकच्या भरवशावर खाली हात किंवा पाय घालू नका. लिव्हरला धक्का लागला किंवा तेलाचा पाईप फुटला तर सगळं वजन खाली येतं.

नळी ओढू नये, कापून काढावी. चावी खिशात ठेवण्याचं कारण साधं आहे. यंत्रात हात घातलेल्या माणसाच्याच खिशात चावी असली, तर दुसरं कोणी ट्रॅक्टर सुरू करू शकत नाही.

ट्रॅक्टर उलटू नये म्हणून

मिनी ट्रॅक्टरची चाकं जवळजवळ असतात, त्यामुळे तो बांधावर किंवा उताराला आडवा नेताना कलंडतो. उतारावर शक्यतो सरळ वर-खाली चालवावा. उतरताना न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्येच राहावं. बांधाची, ओढ्याची आणि कठडा नसलेल्या विहिरीची कडा पावसाळ्यात आतून पोकळ झालेली असते. त्या कडेपासून लांब राहावं, चार तास जास्त लागले तरी चालतील.

मागे जड रोटाव्हेटर उचलला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. असं होत असेल तर पुढे वजनाच्या प्लेट लावून घ्याव्यात. काही ओढायचं असेल तर साखळी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी. वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला बांधली तर पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

ट्रॅक्टरला संरक्षक कमान असेल तर ती उभी ठेवावी आणि सीटबेल्ट लावावा. बागेत फांद्या लागतात म्हणून कमान दुमडली असेल तर बाहेर पडताच उभी करावी. कमान दुमडलेली असताना मात्र बेल्ट लावू नये. कमानीशिवाय बेल्ट लावला तर माणूस ट्रॅक्टरखालीच अडकून पडतो.

मडगार्डवर कुणी नाही

मिनी ट्रॅक्टरवर एकच सीट असते, म्हणजे माणूस एकच. मडगार्डवर, ओढदांड्यावर किंवा रोटाव्हेटरवर वजन म्हणून कुणाला बसवू नये. पाती खोल जात नाहीत म्हणून वर माणूस बसवतात, तो घसरला की थेट पात्यांत जातो. पाती खोल जात नसतील तर ती घासलेली आहेत किंवा बाजूच्या स्किडची उंची चुकली आहे. ते दुरुस्त करावं.

रस्त्यावर ट्रॅक्टर चालवायला वाहन परवाना आणि वय १८ पूर्ण लागतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवावीत, पीटीओ बंद ठेवावा आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावा.

निगा : रोज, आठवड्याला आणि हंगाम संपल्यावर

*रोज :* इंजिन ऑईल, रेडिएटरचं पाणी, डिझेल आणि चाकांची हवा पाहावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये, वाफ तोंडावर येते. डिझेल भरताना इंजिन बंद असावं आणि बिडी-सिगारेट दूर असावी. पात्यांचे नट-बोल्ट रोज आवळावेत. एक बोल्ट ढिला राहिला तर भोक मोठं होतं आणि पातं सुटून उडतं. साधारण ८ तास काम झालं की शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारावं.

*आठवड्याला :* रोटाव्हेटरच्या मधल्या आणि बाजूच्या गिअर बॉक्समधलं तेल तपासावं. खाली तेलाचा ओघळ दिसला तर ऑईल सील गेलं आहे असं समजावं. एअर क्लीनर धुळीच्या दिवसांत लवकर भरतो, तो साफ करावा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवत काढावं, नाहीतर इंजिन तापतं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसून व्हॅसलिन लावावं.

*पाती बदलताना :* पाती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात आणि ठरलेल्या वळणाने बसवलेली असतात. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा, एक काढून त्याच जागी एक लावावं. उलटं बसलं तर यंत्र थरथरतं आणि बेअरिंग खातं. पाती खूप घासली की डिझेल जास्त जातं आणि माती नीट भुसभुशीत होत नाही.

*शिअर बोल्टची गंमत :* काही शाफ्टला एक मऊ बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट घालणाऱ्याचा पुढच्या वेळी गिअर बॉक्सच तुटतो.

*हंगाम संपल्यावर :* रोटाव्हेटर धुऊन वाळवावा, पात्यांना जुनं ऑईल लावावं, शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करून ग्रीस लावावं आणि लाकडी ठोकळ्यांवर शेडमध्ये ठेवावा. ट्रॅक्टर बंद शेडमध्ये सुरू ठेवू नये, धुराने माणूस बेशुद्ध पडतो. ऑईल कधी बदलायचं हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत तासांप्रमाणे दिलेलं असतं, ते पान फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवावं.

अपघात झालाच तर

पहिलं काम इंजिन बंद करणं. माणूस अडकला असेल तर पाती काढण्यासाठी यंत्र सुरू करून उलटं फिरवू नये. शाफ्ट सोडवून किंवा नट खोलून सुटका करावी. लगेच १०८ ला फोन करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. हळद, माती, डिझेल लावू नये. बोट किंवा हात तुटला असेल तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी, बर्फ थेट लावू नये. रुग्णासोबतच तो दवाखान्यात न्यावा.

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यात येतो. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, त्यामुळे पोलिसांत नोंद आणि पंचनामा त्याच वेळी करून घ्यावा.

पण रोजावर येणाऱ्या चालकाच्या नावावर जमीन नसेल तर तो या योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं असलं की वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. मालकाने हंगामाच्या सुरुवातीला चालकाला सोबत घेऊन बँकेत जावं आणि ते २० रुपये स्वतःच्या खिशातून भरावेत. धोका त्याचा असतो आणि काम मालकाचं होतं.

मडगार्डवर रंगाने लिहून ठेवा

पीटीओ बंद. इंजिन बंद. चावी खिशात. पाती थांबली? मगच खाली हात.