पडद्यावरचा ‘फॅटी’ आणि आरोपीच्या पिंजऱ्यातला रॉस्को

१. १२ एप्रिल १९२२. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात ज्युरीचे सदस्य विचारविनिमयासाठी आत गेले आणि अवघ्या सहा मिनिटांत परतले. आरोपी निर्दोष होता. एवढेच सांगून ते थांबले नाहीत. केवळ सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, असे लेखी निवेदन त्यांनी सादर केले. आरोपीचे नाव होते रॉस्को आर्बकल. जग त्याला ‘फॅटी’ म्हणून ओळखत होते.

२. या निकालाला आठवडाही उलटला नाही, तोच आर्बकलच्या चित्रपटांवर बंदी आली. न्यायालयाने निर्दोष ठरवलेला हा माणूस लोकांच्या लेखी दोषीच राहिला. वृत्तपत्रांची चढाओढ आणि हॉलिवूडच्या चैनीविषयीचा रोष ही त्याची परिचित कारणे. आणखी एक कारण मात्र क्वचितच सांगितले जाते, ते म्हणजे आर्बकलचे शरीर. हा धागा त्या शरीराकडे पाहणाऱ्या समाजाचा आहे.

३. रॉस्कोचा जन्म २४ मार्च १८८७ रोजी कॅन्सस राज्यातील स्मिथ सेंटर येथे झाला. जन्मतःच त्याचे वजन १३ पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे सहा किलो असल्याचे सांगतात. आईवडील दोघेही सडपातळ. हे मूल आपले नव्हेच, असा संशय वडिलांच्या मनात बसला. ज्या राजकारण्याचा त्यांना तिटकारा होता, त्या सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंगचे नाव त्यांनी मुलाला दिले. देहावरून निवाडा होण्याची सुरुवात अशी पाळण्यातच झाली.

४. आई लहानपणीच गेली आणि वडिलांनी पाठ फिरवली. एका हॉटेलात पडेल ते काम करणाऱ्या या मुलाचा गळा गोड होता. हौशी कलाकारांच्या एका स्पर्धेत प्रेक्षकांना न रुचलेल्यांना लांब आकडीने रंगमंचाबाहेर खेचले जाई. ती आकडी आपल्याकडे येताना दिसताच रॉस्कोने कोलांटी घेत थेट वादकांच्या खड्ड्यात उडी मारली. प्रेक्षागृह दणाणून गेले आणि त्याची रंगभूमीवरील वाटचाल सुरू झाली.

५. ‘फॅटी’ हे नाव त्याला शाळेत चिकटले होते. आपल्याकडच्या शाळांत कुणी ‘जाड्या’ होतो, कुणी ‘ढोल्या’, तसेच. पुढे तेच नाव पडद्यावरच्या पात्राचे झाले, जाहिरातींतून मोठ्या अक्षरांत झळकले आणि त्याच्या मालकांना त्याने अमाप पैसा मिळवून दिला. खासगी आयुष्यात मात्र त्याला ते मुळीच आवडत नसे. कुणी ‘फॅटी’ अशी हाक मारलीच, तर मला नाव आहे, याची तो आठवण करून देई.

६. १९१३ मध्ये तो मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत आला. वजन सव्वाशे किलोच्या आसपास, तरी चपळाई थक्क करणारी. तो जिन्यावरून अलगद पळे, मागच्या मागे कोलांट्या घेई, दोन्ही हातांनी सारख्याच नेमाने पाय फेकून मारी. १९१७ च्या ‘द बुचर बॉय’मध्ये त्याने बस्टर कीटन नावाच्या तरुणाला प्रथमच कॅमेऱ्यासमोर आणले. चॅप्लिनच्या ट्रॅम्पची ढगळ विजार मूळची आर्बकलची होती, असेही सांगतात.

७. या काळात त्याने एक पथ्य कटाक्षाने पाळले. खुर्चीत अडकलेला किंवा दारात फसलेला जाडा माणूस दाखवून स्वस्तात हशा मिळवायला तो तयार नसे. लोकांनी हसावे ते आपल्या कसबाला, केवळ आकाराला नव्हे, असा त्याचा आग्रह होता. मेबल नॉर्मंडबरोबरच्या चित्रपटांत तर तो प्रियकर होता, नवरा होता. जाड माणसाचा संसार ही त्या काळच्या पडद्यावर साधी गोष्ट नव्हती.

८. प्रेक्षकांच्या मनात मात्र वेगळीच प्रतिमा घडत होती. गोबरे गाल, निरागस डोळे, आखूड कपडे. ‘फॅटी’ म्हणजे अंगाने वाढलेले, मनाने मूलच राहिलेले पात्र. त्याच्या खोड्या माफ होत्या, कारण त्याच्यापासून कुणाला भय वाटत नव्हते. आयाबाया मुलांना घेऊन त्याचे चित्रपट पाहायला जात. जाड माणूस स्वभावतःच भोळा आणि निरुपद्रवी असतो, हा समज या प्रेमाच्या मुळाशी होता.

९. तो समज त्या काळाला धरूनच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सुटलेले पोट सुबत्तेची खूण मानले जाई. जाड पुरुषांचे चक्क क्लब होते. १९०३ मध्ये व्हरमाँट राज्यातील वेल्स रिव्हर येथे स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड फॅट मेन्स क्लबमध्ये प्रवेशासाठी किमान २०० पौंड वजन लागे. सभासद भरपेट जेवत, भाषणे करत आणि आपापली वजने मिरवत.

१०. पण वारे फिरू लागले होते. १९०९ ते १९१३ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या विल्यम टाफ्ट यांचे वजन ३०० पौंडांवर गेले आणि ते देशभर विनोदाचा विषय झाले. महायुद्धात अन्न वाचवणे हे राष्ट्रकर्तव्य ठरले. १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने घरोघरी कॅलरी मोजायला शिकवले. सुबत्तेची खूण असलेली चरबी आता संयमाच्या अभावाची साक्ष मानली जाऊ लागली. जाड माणसांचा तो क्लबही १९२० च्या दशकात बंद पडला.

११. नेमक्या याच वळणावर आर्बकल कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. १९१८ मध्ये पॅरामाउंटने त्याला तीन वर्षांसाठी ३० लाख डॉलर देऊ केले. १९२० च्या ‘द राउंड अप’ या काहीशा गंभीर चित्रपटात तो शेरीफ झाला. पात्राचे टोपणनाव होते ‘स्लिम’, म्हणजे सडपातळ. जाड्या माणसावर कुणीच प्रेम करत नाही, या आशयाचे वाक्य चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी वापरले गेले. तेव्हा तो विनोद होता.

१२. ५ सप्टेंबर १९२१. सुट्टीसाठी आर्बकल दोन मित्रांसह सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात उतरला होता. दारूबंदीचा काळ असूनही खोल्यांत दारू होती, पाहुण्यांची ये-जा होती. पाहुण्यांत व्हर्जिनिया रॅपी ही अभिनेत्री होती. १२१९ क्रमांकाच्या खोलीत ती वेदनेने तळमळत असल्याचे आढळले. हिला दारू बाधली असावी, असा समज करून घेतला गेला. रुग्णालयात हलवायला काही दिवस गेले आणि ९ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला.

१३. मृत्यूचे कारण होते मूत्राशय फुटून उदरावरणात पसरलेला दाह. मेजवानीला आलेल्या मॉड डेल्मॉंट या स्त्रीने आर्बकलवर अत्याचाराचा आरोप केला. तिची साक्ष टिकणार नाही, हे जाणून सरकारी पक्षाने तिन्ही खटल्यांत तिला ज्युरीसमोर एकदाही उभे केले नाही. पण जिल्हा सरकारी वकील मॅथ्यू ब्रेडी यांनी खटला रेटला. आधी आरोप खुनाचा होता, प्राथमिक सुनावणीनंतर तो सदोष मनुष्यवधाचा झाला.

१४. न्यायालयाआधीच वृत्तपत्रांनी निकाल दिला. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या दैनिकांत आर्बकल म्हणजे आपल्या वजनाखाली अबला मुलींना दडपणारा लंपट पुरुष होता. त्याच्या भारानेच त्या तरुणीचे मूत्राशय फुटले, ही वदंता देशभर पसरली. तिला पुराव्याची गरज वाटली नाही. पुरावा म्हणून त्याचे छायाचित्र पुरेसे होते. आरोपीचे अंग हेच हत्यार ठरले.

१५. सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर या हर्स्टच्याच पत्रातील एक चित्र गाजले. जाळ्याच्या मध्यभागी कोळी, त्याला आर्बकलचा चेहरा, शेजारी दारूच्या बाटल्या आणि जाळ्यात अडकलेल्या स्त्रिया. काही आठवड्यांपूर्वी याच गोबऱ्या चेहऱ्याला निरागस म्हणणारे वाचक आता त्यात वासना पाहत होते. चेहरा तसूभरही बदलला नव्हता.

१६. हा बदल इतका सहज का झाला? कारण दोन्ही प्रतिमांचा पाया एकच होता. शरीरावरून स्वभाव कळतो, हे लोकांनी आधीच गृहीत धरले होते. खादाड म्हणून जो गमतीदार, तोच खादाड म्हणून वासनेलाही आवर न घालणारा. अवाढव्य म्हणून जो हास्यास्पद, तोच अवाढव्य म्हणून भयंकर. लोकांनी आपला नियम बदलला नाही, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष बदलला.

१७. न्यायालयात मात्र वैद्यकीय पुरावा तपासला गेला. रॅपीच्या मूत्राशयाला जुनाट दाह होता, असे तपासणीत दिसले. अशा अवस्थेत बाहेरून बळ न लावताही मूत्राशय फुटू शकते, अशी साक्ष तज्ज्ञांनी दिली. नोव्हेंबर १९२१ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या खटल्यात आर्बकलने स्वतः साक्ष दिली. दहा विरुद्ध दोन अशा मतांनी ज्युरी सुटकेच्या बाजूने झुकली, पण एकमत झाले नाही.

१८. दुसऱ्या खटल्यात बचाव पक्षाने अतिआत्मविश्वासाने आरोपीला साक्षीसाठी उभेच केले नाही. ज्युरीचे बहुमत या वेळी उलट बाजूला गेले, एकमत मात्र पुन्हा झाले नाही. मार्च १९२२ मध्ये तिसरा खटला सुरू झाला. त्याचा शेवट त्या सहा मिनिटांत आणि त्या निवेदनात झाला. आर्बकलवर शाबीत झालेला गुन्हा एकच, दारूबंदी कायद्याचा भंग. त्याबद्दल त्याला ५०० डॉलर दंड झाला.

१९. या प्रकरणात आणखी एका व्यक्तीची उपेक्षा झाली, ती व्हर्जिनिया रॅपीची. वृत्तपत्रांना ती निष्पाप बळी म्हणून हवी होती, तर बचाव पक्षाने तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले. वेळेवर उपचार झाले असते तर, या प्रश्नाला मात्र या गदारोळात फारशी जागा मिळाली नाही. एकाचे वजन आणि दुसरीचे चारित्र्य यांच्या चर्चेत एका तरुणीचा मृत्यू झाकोळला गेला.

२०. १८ एप्रिल १९२२ रोजी चित्रपट उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी आर्बकलच्या चित्रपटांचे प्रदर्शन थांबवले. त्या डिसेंबरमध्ये बंदी उठली, पण चित्रपटगृहांची दारे उघडली नाहीत. वकिलांचे देणे सात लाख डॉलरांवर गेले. घर विकावे लागले, मोटारी विकाव्या लागल्या. त्याच्याच पडद्यावर मोठा झालेला बस्टर कीटन मात्र मित्र म्हणून शेवटपर्यंत पाठीशी राहिला.

२१. पुढची काही वर्षे आर्बकल वडिलांचे नाव वापरून, ‘विल्यम गुडरिच’ म्हणून दिग्दर्शन करत राहिला. ज्या बापाने त्याला आपले मानले नाही, त्याच्याच नावाच्या आडोशाने त्याला पोट भरावे लागले. १९२७ च्या ‘द रेड मिल’ची नायिका होती हर्स्टची सहचारिणी मॅरिअन डेव्हिस, आणि चित्रपट हर्स्टच्याच कंपनीचा. आर्बकलचे कसब हर्स्टला चालत होते, फक्त तो चेहरा पडद्यावर दिसायला नको होता.

२२. १९३१ मध्ये त्याच्या दिग्दर्शनाखाली काम केलेल्या लुईस ब्रुक्सने पुढे त्याच्या आठवणी सांगितल्या. सेटवर तो खुर्चीत निर्जीवासारखा बसून राही. पूर्वी मात्र ती त्याच्याबरोबर नाचली होती आणि तो अप्रतिम नर्तक होता. त्याच्या बाहूंत नाचणे म्हणजे तरंगणे, अशा अर्थाचे तिचे वर्णन आहे. ज्या देहाच्या भाराची कहाणी देशाने चघळली, त्याची ही दुसरी आठवण फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

२३. १९३२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याला पुन्हा पडद्यावर आणले. सहा लघुपट झाले, लोक पुन्हा हसले. शेवटच्या लघुपटाचे काम संपले आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा करार झाला. त्याच रात्री, २९ जून १९३३ रोजी, झोपेतच हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय होते ४६.

२४. वदंता मात्र त्याच्यानंतरही जगली. केनेथ अँगरच्या ‘हॉलिवूड बॅबिलॉन’ने ती नव्या पिढीला चवीने सांगितली. ज्युरीचे निवेदन वाचलेले लोक थोडे, वजनाखाली चिरडलेल्या मुलीची गोष्ट ऐकलेले लोक अगणित. गोष्ट टिकली, कारण ती ऐकणाऱ्याला त्या देहाकडे पाहून आधीच खरी वाटत होती.

२५. आर्बकलच्या त्या अखेरच्या लघुपटांत त्याला त्याचे स्वतःचे नाव परत मिळाले होते. नामावलीत ‘रॉस्को’ आणि ‘आर्बकल’ या दोन शब्दांच्या मध्ये अवतरणचिन्हांत आणखी एक शब्द होता, ‘फॅटी’. चित्रपटांच्या इतिहासात तो आजही तिथेच आहे.