पर्सीच्या मास्तरांचे मत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गावात प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात चपळ. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या चालू होत्या. तरी छापील शब्द त्याला लागत नसे. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई आणि ती त्याच्या ध्यानात येत नसे. याच मुलाने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार मात्र झटपट आणि अचूक केला. मॉर्गन यांनी या अडचणीला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले. आज आपण तिला डिस्लेक्सिया म्हणतो.

मला या टिपणात डॉक्टरांपेक्षा मास्तर महत्त्वाचे वाटतात. पर्सीला काही वर्षे शिकवलेल्या मास्तरांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे: सारे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. मुलाची अडचण काय आणि तिच्यावर उपाय काय, दोन्ही या मतात आले. पुढे मात्र अडचणीची चर्चा वाढत गेली आणि उपाय मागे पडला.

ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ साली या विषयावर पुस्तक लिहिले. दोष डोळ्यांत नाही, मेंदूत आहे, अशी त्यांची मांडणी होती. लक्ष न टिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला याहून कठोर शब्द आले. लंडनचे जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालच्या व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले, पण उणीव नैतिक संयमाची मानली.

१९२५ साली अमेरिकेतील आयोवाचे सॅम्युएल ऑर्टन यांनी सोळा वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिले. त्याला वाचता येत नव्हते आणि चाचणीत त्याचा बुद्ध्यंक ७१ भरला होता. ऑर्टन यांना ते पटेना. त्यांनी त्याला मोटारीच्या इंजिनातील बेअरिंगविषयी प्रश्न विचारले. उत्तरे तात्काळ आणि नेमकी आली.

हे वाचताना मी थांबलो. माझा धाकटा भाऊ सातवीत दोनदा नापास झाला. गल्लीतले बंद पडलेले रेडिओ तो उघडून सुरू करी. धडा मी मोठ्याने वाचला, की त्याला एकदा ऐकून पुरे. प्रगतिपुस्तकावर मात्र शेरा असे: ‘अभ्यासात लक्ष नाही’. मी नोकरीसाठी पुण्याला आलो, घरातले वाचन थांबले आणि वर्षभरात त्याची शाळा सुटली. तोंडी शिक्षण म्हणजे काय, ते आमच्या ओसरीवर चालू होते. मला ते ठाऊक नव्हते.

पर्सीच्या नोंदीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती दिल्या. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. या दोन्ही पावलांचे मोल मी कमी मानत नाही. पण जादा वेळ परीक्षेच्या तीन तासांपुरता असतो. त्याआधीची दहा वर्षे मूल फळ्याकडे आणि पुस्तकाकडे पाहत असते. शिवाय हुशार मूल पाठांतराच्या बळावर वेळ मारून नेते, म्हणून उशिरा सापडते. ते लवकर कुणाला दिसू शकते? रोज समोर उभ्या असणाऱ्या शिक्षकाला. पर्सीच्या मास्तरांना ते दिसले होते, आणि त्यांच्याजवळ कोणतेही प्रमाणपत्र नव्हते.

भावाचे आज स्वतःचे गॅरेज आहे. गेल्या दिवाळीत पर्सीची हकीकत मी त्याला सांगितली, अर्थातच तोंडी. हातातला पाना खाली न ठेवता त्याने सगळे ऐकले आणि विचारले, “दादा, त्या पोराचं पुढं काय झालं?”

मॉर्गन यांचे टिपण त्याआधीच संपते.